भेटीच्या वेळेपुरती झोप

आमच्याकडे दवाखान्यात भेटायला कुणी एकटं जात नाही. गाडी करून जातात. चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून क्रूझर निघते, तिच्यात मावतील तेवढे आणि वर आणखी दोन-तीन जण बसतात. धुळ्याला उतरल्यावर बायका आधी पदर सारखे करतात आणि पुरुष चहाची टपरी शोधतात. दुपारी परत शेतावर पोचायचं असतं, म्हणून सगळे सकाळीच येतात.

माझ्या सासूबाई, म्हणजे अक्का, धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होत्या, तेव्हा या सगळ्या वर्दळीचा कारभार माझ्याकडे होता. तापाचं निमित्त होऊन न्यूमोनिया झाला होता. गावात अंगावर काढला, चाळीसगावला सलाइन लावली, आणि आमच्याकडे धुळ्याला आणेपर्यंत ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी लगेच तोंडातून नळी घातली. श्वास यंत्र घेऊ लागलं.

नवरा आयसीयूच्या दारापर्यंत यायचा आणि तिथूनच परत फिरायचा. आईच्या तोंडात नळी त्याला बघवत नव्हती. नणंद जळगावला, तिचं येणं-जाणं. राहिले मी. मी सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. कुणाची रजा, कुणाची बदली, कुणाच्या जागी कोण, हे माझं रोजचं काम. तेच मी दवाखान्यात सुरू केलं. फोनवर नातेवाइकांचा गट केला, कोणत्या दिवशी कोणी यायचं ते ठरवून दिलं, आत दोघांहून जास्त जायचं नाही, केळी-बिस्किटं आत न्यायची नाहीत, बाहेर रडायचं तर जिन्याखाली रडायचं. लोक ऐकत होते. मला त्याचं बरं वाटत होतं, हे आता सांगायला लाज वाटते.

गटावर रोज सकाळी माझा निरोप जायचा. ताप किती, लघवी झाली का, आणि शेवटी एक शब्द: शांत. त्या शब्दाखाली हात जोडल्याची चित्रं रांगेने यायची.

शांत हा आमच्याकडे फार मोठा शब्द आहे. भेटायला आलेला माणूस फाइल वाचत नाही, चेहरा वाचतो. आजारी माणूस डोळे मिटून, केस विंचरलेला, चादर नीट घातलेला दिसला, की तो गावी जाऊन सांगतो, चांगली देखभाल आहे. हातपाय झाडताना दिसला, की गावात दुसरंच काही पोचतं, आणि ते सुनेच्या नावावर पोचतं.

अक्का शांत राहण्यातल्या नव्हत्या. औषधाचा अंमल उतरला की त्या नळी ओढायला बघत. म्हणून झोपेच्या औषधाची धार चालू होती. ती सकाळी कमी करायची, अक्कांना जागं करायचं, यंत्राची मदत उतरवायची आणि त्या स्वतः किती श्वास घेतात ते अर्धा तास बघायचं, असा डॉक्टरांचा रोजचा बेत होता. आयसीयूच्या डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून बऱ्याच लहान, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मला पहिल्याच वेळी सांगितलं होतं, "त्या धडपडतील. ते वाईट दिसेल, पण वाईट नसेल."

मी मान हलवली होती. मान हलवणं आणि समजणं यातला फरक ऑफिसात मी लोकांना रोज समजावते.

ती पहिली चाचणी नेमकी क्रूझर आल्यावर झाली. नणंद आणि चुलत सासूबाई काचेशी उभ्या होत्या. डॉक्टर बाईंना शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाकडे बोलावलं होतं. अक्कांचे डोळे उघडे होते, नाकपुड्या फुगत होत्या, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या.

"माय वं, कशी हाफी ऱ्हायनी ती," चुलत सासूबाई म्हणाल्या. "कोनी बंद करं मशीन?"

"बंद नाही, कमी केलंय," मी म्हटलं.

"कमी कशाला करायचं पण?" नणंद म्हणाली. "वहिनी, पैसे आम्ही देऊ, तुम्ही त्याची काळजी करू नका."

हे तिने मोठ्याने म्हटलं आणि जिन्यावर बसलेल्या पुरुषांनी ऐकलं. मी आत गेले. सिस्टरला म्हटलं, "पूर्ववत करा. नंतर बघू." माझा आवाज कामाचा आवाज होता, त्या आवाजाला लोक सहसा नाही म्हणत नाहीत. सिस्टर डॉक्टरांकडे बघत होती, डॉक्टर पाठमोऱ्या होत्या, बाहेर गलका वाढत होता. तिने मदत वाढवली आणि औषधाचा वेग थोडा वर नेला. अक्कांचे डोळे मिटले. काचेबाहेर सगळ्यांचेच खांदे खाली आले.

डॉक्टर बाई परत आल्या आणि त्यांनी यंत्रावरचे आकडे पाहिले. मी त्यांना सांगितलं, घरच्यांना त्रास झाला. त्या म्हणाल्या, "उद्या करू. पण उद्या टाळायचं नाही."

मी टाळलं नाही. मी व्यवस्था लावली. भेटीची वेळ सकाळची, औषध कमी करायची वेळही सकाळचीच. दोन गोष्टी एका वेळेवर आल्या की मी काय करते? एक पुढे ढकलते. सिस्टरला म्हटलं, "पाहुणे येऊन जाऊ द्या, मग कमी करा." त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही. अक्का रात्रभर नळीकडे हात नेत होत्या, थोडी जास्त झोप मिळाली तर बिघडलं काय? पाहुणे जायचे, तोवर डॉक्टर बाई खाली ओपीडीत गेलेल्या असायच्या, औषध उतरेपर्यंत दिवस कलायचा. चाचणी दुसऱ्या दिवसावर जायची. दुसऱ्या दिवशी दुसरी क्रूझर यायची. एकदा अक्कांना पुन्हा ताप चढला, तेव्हा चाचणी आपोआपच राहिली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तेही लिहून टाकते.

या दिवसांत माझं जितकं कौतुक झालं तितकं लग्नानंतर कधी झालं नव्हतं. चुलत सासूबाई गावी जाऊन म्हणाल्या, "सूननी चांगलं ठेवेल शे. कशी निवांत झोपेल शे आक्का." हे मला फोनवर तिघींनी वेगवेगळं सांगितलं. एका चुलत जावेने तर गमतीत म्हटलंही, "आमच्या सासूबाई पडतील तेव्हा तुम्हालाच बोलवू."

मग एका सकाळी डॉक्टर बाईंनी मला खाटेजवळ बोलावलं. त्यांच्या हातात सोनोग्राफीचं यंत्र होतं. अक्कांच्या उजव्या बरगड्यांच्या कडेला जेल लावून त्यांनी ते टेकवलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. दोन पांढऱ्या रेघा, त्यांच्या मध्ये बारीक काळसर पट्टा.

"हे श्वासपटल," त्या म्हणाल्या. "छाती आणि पोट यांच्या मध्ये घुमटासारखा पसरलेला स्नायू. आपला श्वास मुख्यतः हाच ओढतो. आल्या दिवशी मी मापला होता तेव्हा हा पट्टा जाड होता."

"आजारपणाने झालं?"

"आजारपणानेही. जंतूंचा संसर्ग स्नायू खातोच. पण याला काम नाहीये, ताई. सगळा श्वास मशीन घेतंय."

मी म्हटलं, "आराम मिळतोय ना पण त्याला." मला खरंच तसं वाटत होतं. हात मोडला तर गळ्यात बांधतो. थकलेल्याला निजवतो.

त्यांनी पडद्यावरच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "बाकी स्नायूंना आरामाची सवय असते. याला नाही. जन्मल्यापासून हा एकदाही थांबलेला नसतो. त्याला थांबवलं की तो इतरांपेक्षा लवकर खचतो. त्याच्या तंतूंमध्ये इंधन जाळायच्या छोट्या छोट्या भट्ट्या असतात. आपण नळीतून खायला घालतोय, रक्तातून साखर जातेय, चरबी जातेय. काम असतं तर ती जळली असती. आता ती आतच साचते, अर्धवट जळते, आणि त्या अर्धवट जळण्यातून जे निघतं ते तंतूलाच इजा करतं. मग तंतू स्वतःचं मांस तोडायला लागतो. बारीक होतो."

"म्हणजे खायला घालणं चुकलं?"

"नाही. खायला लागतंच. काम नसणं चुकतं. आणि एकदम जास्त काम टाकलं तरी चुकतं, फाटतो. मधलं काहीतरी रोज द्यावं लागतं. रोज. कुणाचा किती खचेल ते आधी सांगता येत नाही."

त्यांनी माझ्यावर ठपका ठेवला नाही. तो ठेवला असता तर मी बाजू मांडली असती. बाजू मांडायची मला सवय आहे. मी पडद्याकडे बघत राहिले. यंत्र हवा ढकलत होतं, छाती वर-खाली होत होती, आणि तो पट्टा जवळजवळ तसाच राहत होता. कामावर आलेला नव्हता.

आमच्या शाखेत असा एक जण मी पाहिला आहे. पगार चालू, टेबल नाही. वरून कुणीतरी त्याचं काम काढून घेतलं आणि दुसरं दिलं नाही. सुरुवातीला सगळे त्याला नशीबवान म्हणायचे. वर्षभरात तो माणूस साधी टिपणी लिहू शकेना. त्याचं टेबल काढून घेण्याचा आदेश मीच टाइप केला होता. त्या सकाळी खाटेशेजारी मला तो आठवला आणि मी जेल पुसायला कापूस शोधू लागले, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

मी विचारलं, "मी पाहुण्यांसाठी औषध लांबवायला सांगत होते. त्याने किती फरक पडला?"

"ते सांगता येणार नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "थोडाफार पडला असेल. आमचंही चुकलं, आम्ही ऐकायला नको होतं."

आमचंही, या शब्दाला मी अजून धरून आहे, आणि तो मला पुरत नाही.

"आता श्वास येईल का त्यांना?"

"उद्यापासून रोज बघू. जितका उशीर तितकं अवघड."

त्या दिवशी मी गटावर निरोप टाकला: उद्यापासून भेट बंद. डॉक्टरांनी सांगितलंय असं लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं. तसं लिहिलं होतं, मग खोडलं. लिहिलं, मी बंद करतेय. हात जोडल्याची चित्रं आली नाहीत. नणंदेचा फोन आला.

"वहिनी, माझी आई आहे ती."

"माहीत आहे."

"मरायला टेकली नि पोरीला बघू द्यायचं नाही?"

"बघायला ये. पण काचेशी उभं राहून रडणार नसशील तर ये."

ती आली नाही. गावात गाडी ठरली होती, ती रद्द करावी लागली. क्रूझरवाल्याने घेतलेलं आगाऊ भाडं परत दिलं नाही, हेही माझ्याच नावावर गेलं. जिने मला सासूसाठी बोलवायचं कबूल केलं होतं त्या जावेने गटावर लिहिलं, शहरातल्या सुना. एवढंच. खाली दोन अंगठे.

नवऱ्याला मी जेवताना सगळं सांगितलं, औषधाचं धरून. त्याने बराच वेळ भाकरी कुस्करली. मग म्हणाला, "तू आमच्या लोकांसाठी केलंस ना ते." मला वाटतं त्याने मला माफ करायचा प्रयत्न केला. पण माफ करताना त्याने ते आपल्या लोकांच्या नावावर टाकलं, आणि मला ते तिथे टाकायचं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी औषध वेळेवर कमी झालं. डॉक्टर बाईंनी मला खाटेशेजारी खुर्ची दिली. म्हणाल्या, "हात धरा, बोला त्यांच्याशी. पोट आत आणि छाती वर, असा उलटा श्वास झाला की मी थांबवीन. ते मी ठरवीन. तुम्ही थांबवायला सांगायचं नाही." शेवटचं वाक्य त्यांनी हसून म्हटलं, पण विनोद म्हणून नाही.

अक्का जाग्या झाल्या. मला ओळखलं. यंत्राचा आवाज बदलला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य दिसलं, पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसं. मग श्वास ओढायला सुरुवात झाली. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. दुसऱ्या हाताने त्या यंत्राकडे दाखवत होत्या. खूण अगदी स्पष्ट होती. वाढव. शेतात मोटार लावायची असली की लांबून अशीच खूण करायच्या.

मी म्हटलं, "अक्का, हळू. तुम्हीच घ्या. मी इथे आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी इथे आहे, हेच तर त्यांना कळत नव्हतं. इथे आहेस, तर उठत का नाहीस? मी आयुष्यभर उठत आले आहे. पाणी हवं म्हणायच्या आत पाणी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कानाकडे ओघळलं. मी ते पुसलं. पुसता पुसता मला वाटत होतं, मी हे आधीच करू दिलं असतं, तर आज हे इतकं जड गेलं नसतं. म्हणजे हा त्रास मीच वाढवलाय आणि मीच शेजारी बसून बघतेय.

उलटा श्वास लवकर सुरू झाला. डॉक्टर बाईंनी मदत वाढवली. त्या दिवशी जमलं नाही.

पुढच्या दिवशीही नाही. पण थोडं जास्त वेळ. त्यानंतर एकदा मागे गेलं. रोज सकाळी मी ती खुर्ची ओढायचे आणि अक्का मला बघून मान फिरवायच्या. सिस्टर आली तर नाही, डॉक्टर आल्या तरी नाही. मी आले की. मी गटावर शांत लिहायचं सोडलं होतं. लिहायचे: आज प्रयत्न केला. कुणी उत्तर देत नसे.

शेवटी एका सकाळी अर्धा तास पार पडला. डॉक्टर बाईंनी पुन्हा बरगड्यांच्या कडेला यंत्र लावलं. पट्टा बारीकच होता, पण श्वासाबरोबर थोडा जाड होत होता, पुन्हा पातळ होत होता. त्यांनी मला ते दाखवलं. नळी काढली. काही दिवस मास्क लावावा लागला, मग तोही सुटला. अक्का आमच्या घरी आल्या. आवाज बसलेला, दोन वाक्यांवर दम लागायचा, पण श्वास स्वतःचा.

आणि भेट पुन्हा सुरू झाली. क्रूझर आता आमच्या दारात. अक्का उशीला टेकून बसायच्या आणि जे आठवत होतं ते सांगायच्या. त्यांना एवढंच आठवत होतं.

"मना जीव जाई ऱ्हायंता," त्या दम खात म्हणायच्या, "नि हाई खुर्चीवर बसेल व्हती. देखी ऱ्हायंती."

ऐकणारे माझ्याकडे न बघता चहा प्यायचे. चुलत सासूबाई एकदा म्हणाल्या, "पहिले ते चांगली ठेवेल व्हती. मंग काय व्हयनं काय मालूम." मी आतून बश्या आणून ठेवल्या.

नणंदेने एकदा बाजू घ्यायचा प्रयत्न केला. डॉक्टरांशी ती बोलून आली होती. "आई, वहिनीने बरोबर केलं, म्हणून तू आज बोलतेयस." अक्का म्हणाल्या, "तू व्हती का तठे?"

मला बाजू नकोच होती. ज्या गोष्टीबद्दल मला बोल लागत होता ती मी पुन्हा करीन. ज्या गोष्टीबद्दल कौतुक झालं होतं ती गावात कुणाला माहीतच नव्हती. एका दुपारी पाहुणे नव्हते, नवरा कामावर होता, आणि मी अक्कांपुढे श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र धरून बसले होते. नळीतून श्वास ओढायचा, गोळ्या वर उचलायच्या. दिवसातून अनेकदा करायचं होतं आणि अक्कांना त्याचा राग होता. तेव्हा मी सांगून टाकलं. पाहुणे येणार म्हणून तुम्हाला झोपवून ठेवायला मीच सांगत होते. त्याने तुमचा श्वासाचा स्नायू खचला. नंतर तुम्हाला जितका त्रास झाला त्यातला काही माझ्यामुळे झाला. किती ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

अक्कांनी शांतपणे ऐकलं. मध्ये फक्त एकदा विचारलं, "कोन कोन येल व्हतं?"

मी नावं सांगितली. चुलत सासूबाई, सरपंचांकडचे, व्याही, पलीकडच्या गल्लीतले.

"व्याही बी?"

"हो."

"मंग तुनी चांगलंच करं," अक्का म्हणाल्या. "त्यासनी माले तशी हाफतांना देखं अस्तं, ते गावमा काय तोंड दाखाडती मी?"

त्यांना त्यात माफ करण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

"पन तू मशीन वाढाडं नही," त्या पुढे म्हणाल्या. "मी हात करी ऱ्हायंती. तू बशी ऱ्हायनी. ते मी नही विसरस."

"नका विसरू," मी म्हटलं आणि नळी त्यांच्या तोंडाशी धरली.

त्यांनी ओढली. पहिली गोळी वर गेली, दुसरी अर्ध्यापर्यंत चढली आणि खाली पडली. अक्कांनी नळी बाजूला ढकलली, उशीवर मान टाकली आणि विचारलं, "बस?"

"अजून एकदा," मी म्हटलं.